अनोळखी पेशंटपाशी बसणारी बाई

बंगळूर, ३ मार्च १९५८, सोमवार

सकाळी साडेनऊला कॅज्युअल्टीत एक गवंडी आला – लॉरीत घालून आणला. राजाजीनगरात नवी घरं उठताहेत, तिथल्या भिंतीवरून पडला. डोक्याला मार, शुद्ध नाही. आणणारे म्हणाले, "परवाच कामाला लागला, सिस्टर. नाव ठाऊक नाही." आणि गेले! खिशात आनेकलच्या बसचं तिकीट, बाकी काही नाही. जखम धुतली. हाताची नखं किती नीट कापलेली! कोण कापून देत असेल?

कागदावर 'अनोळखी पुरुष' लिहिलं. हे लिहिताना मला नेहमी अपराध्यासारखं होतं.

४ मार्च

गवंड्याची बायको आली! पन्नाशीची दिसते, नऊवारी, कपाळभर कुंकू. नवऱ्यापेक्षा बरीच थोरली वाटली, पण कष्टाने बाई लवकर उतरते. आल्या आल्या एक गंमत केली – आधी चादरीतून त्याचा डावा हात बाहेर काढून पाहिला, मग तोंड. मग बसली.

"कोण लागता?"

"आमचेच आहेत, अक्का."

त्याचं नाव विचारलं तर जीभ चावून मान हलवली. नवऱ्याचं नाव कशी घेईल! हसले आणि सोडून दिलं. स्वतःचं सांगितलं – सकवारबाई. पण डावाच हात का?

५ मार्च

ड्यूटी संपल्यावर बसस्टँडवर गेले. घरी आणखी कुणी असेल, त्यांना कळायला नको? आनेकलच्या कंडक्टरला सगळं वर्णन दिलं. उंची, कानामागचा तीळ, नखं. तो हसला. हसू दे.

६ मार्च

सकवारबाई तीन ते पाच बसते. ओल्या बोळ्याने त्याचे ओठ पुसते आणि सारखी बोलते – गल्लीतला नळ, शेजारणीच्या लेकीचं लग्न, वांग्याची भाजी कशी खारट झाली. मी म्हटलं, "त्यांना ऐकू येत असेल का हो?"

"येत असलं तर? स्वल्प कमी बोलून माझं काय वाचणार आहे?"

खरंच, काय वाचणार!

७ मार्च

काय दिवस! दुपारी आनेकलहून एक तरुण बाई धावत आली, मागे म्हातारा सासरा. कंडक्टरने गावात निरोप पोचवला होता. (हसला होता, तरी!) बाईने खाटेवर अंगच टाकलं. यल्लव्वा तिचं नाव. नवरा शिवाप्पा. कानडी माणसं, मराठीचा एक शब्द नाही.

मग सकवारबाई कोण?

यल्लव्वाने तेच विचारलं – तिच्याकडे बोट दाखवून, माझ्याकडे बघत. सकवारबाई शांतपणे उठली. यल्लव्वाचा हात घेऊन त्याच्या हातावर ठेवला. "बस, तंगी," धाकट्या बहिणीला म्हणावं तसं कानडीत म्हणाली, "या बाजूने हाक मार. इकडून पापणी हलते." आणि गेली.

यल्लव्वा सकाळपासून उपाशी होती. बळेच इडली खायला घातली. श्वास चांगला आहे, नाडी चांगली आहे, हे चारदा सांगितलं. पाचव्यांदा तिने विचारलं, "जगतील ना?" म्हटलं, "ते मला माहीत नाही. पण मी इथेच आहे." खोटं बोलवेना.

नखं तीच कापते. विचारून घेतलं!

८ मार्च

वॉचमन व्यंकोजीला खोदखोदून विचारलं. तो म्हणे, "ती पाच वर्षं येते, सिस्टर. बिननावाचा माणूस आला की मीच तिला निरोप धाडतो." नेमकं मेट्रनबाईंनी ऐकलं. "खोटं नातं सांगून वॉर्डात? उद्यापासून आत सोडायचं नाही!"

माझ्यामुळे झालं हे. नाक खुपसायची खोड!

९ मार्च, रविवार

सकवारबाईकडे गेले. कॉटनपेटेत एक खोली. रागावली नाही, चहा दिला. नवरा नऊ वर्षांपूर्वी सोलापूरकडे छापखान्यात नोकरी बघायला गेला. दोन पत्रं आली, मग काहीच नाही. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेलेली.

म्हणून आधी डावा हात!

"पण तो तुमचा नव्हता. मग बसलात कशाला?"

"तोंड बघून परत फिरू, अक्का? कुणाचा तरी होताच की. माझ्या माणसापाशी कुणी बसलं असंल का, हेच मनात येतं."

नवऱ्याचं नाव विचारलं. खोलीत आम्ही दोघीच, तरी तिने माझ्या कानाशी येऊन सांगितलं – हणमंतराव मोहिते. सांगून लाजली.

सोलापूरच्या दवाखान्यात माझ्याबरोबर शिकलेली कल्पना आहे. आजच पत्र टाकलं.

१० मार्च

शिवाप्पाने डोळे उघडले!! यल्लव्वाला ओळखलं!

१२ मार्च

मेट्रनबाईंपुढे उभी राहिले. म्हटलं, माझ्याकडे एका वेळी अकरा पेशंट असतात, मी कुणापाशी बसू? त्यांनी वॉर्डाची वही उघडून खाटा मोजल्या. मग म्हणाल्या, "तीन ते पाच. आणि नातं खरं सांगायचं." नातं नाहीच म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तसंच सांगायचं!"

व्यंकोजीने मला सलाम ठोकला. वेडा!

२१ मार्च

शिवाप्पा घरी गेला. काठी धरून, पण स्वतःच्या पायांनी.

१ एप्रिल

कल्पनाचं पत्र. जुनी रजिस्टरं उपसली बिचारीने. हणमंतराव मोहिते, राहणार बंगळूर, छापखाना कामगार. विषमज्वर. ऑगस्ट १९५१ मध्ये वारला. नऊ दिवस एक बाई खाटेपाशी बसून होती. प्रेत तिनेच ताब्यात घेतलं. नाव लिहिलेलं नाही, नुसता अंगठा. पुढे नातं – पत्नी.

म्हणून इकडे कुणी कळवलं नाही.

कोण होती? त्याने तिकडे दुसरा संसार मांडला होता? की तीही अशीच कुणी, बसू द्यावं म्हणून पत्नी म्हणाली? कल्पना लिहिते, "चौकशी करू का आणखी?"

जन्मात पहिल्यांदा मला पुढचं काही जाणून घ्यावंसं वाटत नाही.

२ एप्रिल

सकवारबाईला पत्र वाचून दाखवलं. सगळं. 'पत्नी' हा शब्दही.

तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली. मग म्हणाली, "नऊ दिवस बसली?"

"हो."

"मला सोलापूरला घेऊन चल, अक्का. त्या बाईला भेटायचंय."