दोन ‘नाही’ आणि एक ‘हो’

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे, म्हणजे वाईट नाही (या दोन्हींत फरक असतो, हे अलीकडेच कळलं).

इथल्या लाकूडकामाच्या कारखान्यात मी दुभाष्या आहे, हे तुला ठाऊकच आहे. तिथे कपाटांचे आराखडे काढणारी एक मुलगी माझ्याकडून आपली भाषा शिकते. मागच्या आठवड्यात धीर करून मी तिला आपल्याच भाषेत विचारलं, “तू माझ्याशी लग्न करणार नाहीस का?” (सरळ विचारायची छाती नव्हती, नकार आलाच तर जरा मऊ पडावा.) ती म्हणाली, “हो.” म्हणजे ‘हो, नाही करणार’, असं समजून मी तोंड पाडून परतलो आणि तिला टाळू लागलो. बिचारीच्या भाषेत अशा प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की ‘करणार तर’ असा अर्थ होतो, आणि तिने तेवढ्यात घरी सांगूनही टाकलं होतं.

परवा तिची आई थेट कारखान्यात आली आणि रंध्यांच्या आवाजातच त्यांच्या भाषेत मला म्हणाली, “माझी मुलगी मी कुण्या परक्याला कधीच नाही देणार नाही.” मी हिशोब केला: नाही आणि नाही, दोन्ही कटले, उरला होकार. आनंदाच्या भरात मी बाईंना मिठीच मारली. मावशी, त्यांच्याकडे नकार कटत नाहीत गं, एकमेकांच्या खांद्यावर चढतात. बाई लाकडासारख्या ताठ झाल्या. सुतारांनी रंधे थांबवले. मुलीने हसू दाबत मला आईच्या वाक्याचा आणि स्वतःच्या ‘हो’चाही खरा अर्थ सांगितला, तेव्हा बाईंनी तिला विचारलं, की याला दुभाष्याचा पगार खरंच मिळतो का.

मग मात्र मी त्यांच्या भाषेतले ठाऊक होते तेवढे सगळे नकार गोळा केले आणि म्हणालो, “मी हिला कधीच, कुठेच, कुणासाठीच नाही सोडणार नाही.” बाईंनी माझे नकार बोटांवर मोजले. शेवटी लेकीला म्हणाल्या, निदान एक वाक्य तरी त्याला बरोबर येतं. आणि हसल्या.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
भाचा

ता. क. बाबांना अजून काहीच माहीत नाही. ते तुझंच ऐकतात.

आणखी ता. क. त्यांना फक्त एवढंच विचार, “तुमची हरकत नाही ना?” ते ‘हो’ म्हणोत की ‘नाही’, दोन्हींचा अर्थ आपल्याला हवा तोच निघतो. गप्प बसले, तर सरळ लग्नाला यायची तिकिटं काढ.