रुखवत परत येत नसतं

घाटंजी,
६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप सुमेधाआत्यास,
शाल्मलीचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि माझा फोन काका रोज उघडून बघतात, म्हणून आपलं टपालच बरं. उत्तर मात्र घरी पाठवू नकोस. समोरच्या धनीबाई शिलाईवालीच्या पत्त्यावर पाठव.

बातमी अशी की अनघाचं लग्न ठरलं. यवतमाळची माणसं आहेत, मुलाचं नाव अभिषेक, बरी दिसतात सगळी. पण पाहायला आले त्या दिवशी तुझ्या भावानं काय केलं ते ऐक. मुलीला कशाची आवड, असं तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं. काकांनी अनघाच्या फोनमधून माझी चित्रं काढून दाखवली आणि ही सगळी आमच्या अनघाच्या हातची, असं खुशाल ठोकून दिलं. माझी चित्रं, आत्या! मी बारावीत असताना हीच चित्रं त्यांनी बंबात घातली होती आणि त्यावर स्वतःच्या आंघोळीचं पाणी तापवलं होतं. चित्रकलेच्या कॉलेजचा अर्ज फाडला तोही त्याच आठवड्यात. अनघानं तेव्हा फोटो काढून ठेवले होते म्हणून तेवढी तरी उरली. ती खाली मान घालून बसली होती, मी पोहे देत होते. सगळा ट्रे काकांच्या डोक्यात घालावासा वाटला.

आता सासूबाईंना अनघाच्या हातचं रुखवत बघायचं आहे. ते मी करायचं, तिच्या नावानं, असा काकांचा हुकूम सुटला. आई-बाबा गेल्यापासून तेरा वर्षं या घरात जेवले, त्याचीही आठवण करून दिली. मी हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की काकूसुद्धा चमकली. मी कापडी बाहुल्यांची सप्तपदी करणार आहे, सात पाटांवर सात देखावे. त्यात नवरानवरी नसतील. काका असतील.

माया आहे तशीच असू दे.
तुझीच रागीट,
शाल्मली

नेर,
१५ जानेवारी

चि. शाल्मलीस, पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. वाचता वाचता माहा चहा थंडा झाला, बाप्पा! चारुदत्त माहा धाकटा भाऊ, पन खरं ते खरं. लहानपनी माही रांगोळी पुसून तो तिथं भवरा फिरवे. घरात जे जे हाय ते सारं आपलंच, असं त्याले तेव्हापासून वाटते. तुहे आतोबा वामनराव म्हनते का पोरीले उगी चिथवू नको. म्या सांगतलं का मुकाट्यानं जेवा.

तू कर. त्याचं टक्कल, चष्म्याची दोरी, नाकाजवळची चामखीळ, काही सोडू नको. पन एक गोष्ट आयक. सुक्यासंगं ओलंही जळते. अनघा भेकड हाय, वाईट नाही. तिच्या लग्नाले धक्का लागला तं मी तुह्यासंगं जन्मात बोलनार नाही. अन् आपली बॅग भरून ठेव. मांडवातूनच तुले नेरले नेईन. कॉलेजच्या नव्या अर्जावर पालकाची सही लागली तं ते मी करीन.

जेवत जा. मांगच्या खेपी पाह्यली तं झाडूची काडी दिसत होती.

इथं तुही वाट पाहनं चालू हाय.
तुही आत्या

घाटंजी,
१९ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

झालं सगळं. धनीबाईंनी चिंध्यांचं गाठोडंच दिलं होतं. पहिल्या पाटावर काका खुर्चीत, पाय गरम पाण्यात, शेजारी काकू टॉवेल घेऊन उभी. तिसऱ्यावर अर्ज फाडताहेत. पाचव्यावर बंब आहे, लाल-केशरी चिंध्यांचा जाळ आणि काकांच्या हातात माझ्या चित्रांचे कागद, बोटाएवढे. सातव्यावर पाहुण्यांना फोन दाखवताहेत. मला बोलता येत नाही ग त्यांच्यापुढे. पण सुई हातात घेतली की एकेक शिवी टाक्यात उतरत होती. टक्कल शिवताना तर मी मोठ्यानं हसले.

काका दहा वेळा शेजारून गेले असतील, एकदाही वाकून बघितलं नाही. रुखवत म्हणजे बायकांचं काम. अनघा मात्र आली आणि सातही पाटांसमोर उभी राहिली. मला वाटलं आता रडेल, बोंब मारेल. एवढंच म्हणाली की बाबांच्या चष्म्याची दोरी काळी आहे, तपकिरी नाही. दोरी बदलून घेतली मी.

बॅग भरली आहे. लग्नाला ये, लवकर ये.
शाल्मली

घाटंजी,
२ एप्रिल

चि. शाल्मलीस आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू लग्नमंडपातून सुमेधाताईंबरोबर परस्पर निघून गेलीस, ते मी सहन केले. परंतु रुखवताचा प्रकार सहन होण्यासारखा नाही. त्या बाहुल्यांकडे पाठ करून अनघाच्या कलेचे कौतुक मी स्वतः पाऊण तास पाहुण्यांना सांगितले. बायका पदरात तोंड घालून का हसत होत्या, ते फोटो आल्यावर कळले.

व्याह्यांनी ती वस्तू पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवली आहे. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा मला कपाटासमोरच बसवले. त्यांचा नातू बाहुलीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघतो. मी ती परत मागितली, तर रुखवत परत द्यायची रीत नाही, असे विहीणबाई म्हणाल्या. तरी तू जाऊन त्या बाहुल्यांचा चेहरा बदलून यावेस. अनघाच्या हातची वस्तू दुरुस्त करायला आले, असे सांगावे. तसे केल्यास तुझ्या कॉलेजला माझी हरकत राहणार नाही. शेवटी तुला मी वाढवले आहे.

घराण्याची अब्रू राखशील ही अपेक्षा.
चारुदत्त

नेर,
१४ एप्रिल

ती. स्व. काकांस, शि. सा. न. वि. वि.

आपल्या आज्ञेप्रमाणे मी काल यवतमाळला जाऊन आले.

चेहरा कसा बदलायचा ते ठरवायला आधी रुखवताचे फोटो घेऊन बसले. सातही पाटांवर तुम्ही. काकू आहे, अनघा आहे, तुमचा टॉवेलसुद्धा आहे. मी कुठेच नाही. तुमचा सूड घेण्याच्या नादात मी स्वतःला करायचंच विसरले होते. त्या घरात राहून ही सवय मलाही लागली, याची अशी चीड आली म्हणून सांगू! मग दोन दिवस बसून एक बाहुली केली.

तुमचा निरोप विहीणबाईंना जसाच्या तसा सांगितला. त्या हसतच सुटल्या. दारावर गणपती काढ, असं त्यांनी सुनेला लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी म्हटलं, तेव्हाच अनघानं सगळं खरं सांगून टाकलं होतं. बंबासकट. तेव्हापासून तर ते रुखवत पुढच्या खोलीत आहे. तुम्हाला तिथं बसवतात तेही ठरवूनच. कपाटाची किल्ली त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली.

तुमचा चेहरा आहे तसाच आहे. पाचव्या पाटावर, बंबाच्या आणि तुमच्या मधोमध, आता मी उभी आहे. हात पुढे केला आहे, कागद परत मागते आहे. पाटावर खाली माझं नाव घातलं, आडनावासकट. अर्जावर आत्यानं सही केली, तेव्हा तुमची हरकत खुशाल राहू द्या.

अक्षय्य तृतीयेला, अखाजीच्या सणाला, अनघाला माहेरी आणायला जाल, तेव्हा तुम्हाला त्याच खुर्चीत बसवतील. चहा येईपर्यंत माझ्याकडे नीट बघा. तेरा वर्षांत एकदाही बघितलं नाहीत.

काकूला नमस्कार सांगावा. लोभाचं तुम्हीच बघा.
आपली पुतणी,
शाल्मली