फातिहाआधीचा मलिदा

सालमिया, कुवेत
१२ मार्च १९६२

सफियाआपास मजीदचा सलाम, वि. वि.

परवा फैलका बेटाच्या धक्क्यावर असमानं माझ्या हातावर मलिद्याचा मुटका ठेवला, त्या क्षणी माझं सगळं बदललं.

असमा म्हणजे आमच्या दुकानाचे मालक गफूरचाचा, त्यांची लेक. ईदेनिमित्त चाचांनी लाँच ठरवून सगळ्या कोकणी मंडळींना सहलीला नेलं. वाटेत मिस्कान बेट दिसलं म्हणतात. मी कठड्यावर ओणवा होतो. गलबत हाकणाऱ्या तांडेलाच्या मुलाला समुद्र लागला, हस तू. फैलका मात्र झकास. खजुरीच्या बागा, परदेशी लोकांनी वाळूतून उकरून काढलेलं जुनंपुराणं देऊळ आणि किनाऱ्याशी दर्यावर्दींचे राखणदार ख्वाजा खिज्र यांचं ठाणं. त्यांच्याच नावानं चाचींनी मलिदा केला होता. फातिहा पढून होण्याआधी त्याला बोट लावायचं नसतं, हे का मला ठाऊक नव्हतं? पण पोट रिकामं आणि देणारी असमा. खाल्ला.

चाचांनी नेमकं पाहिलं. कॉलेज सोडलंस तशी लाजही सोडलीस का, असं चारचौघांत विचारलं. मी भडकून नाही नाही ते बोललो, पण तिचं नाव घेतलं नाही. आता ते तिला इथल्याच जहरा गावातल्या एका कारकुनाला देणार म्हणे. मी तिला पळवून नेईन.

माया पातळ करू नकोस.
मजीद

दाभोळ
२४ मार्च

चि. मजीदास भरपूर दुवा, वि. वि.

पत्र ऐकून अम्मी रडली, मी हसले. पळवून कशातून नेणार? लाँचमधून? तुला कोण धरणार?

नाव घेतलं नाहीस ते छान केलंस. चाचांवर आवाज चढवलास, त्याची माफी माग आणि सरळ मागणी घाल. तुझ्या वतीनं बोलायला तिथं वडीलधारं कुणी नाही, तर तूच बोल. प्राचार्यांशी भांडून कॉलेज सोडताना बरं तोंड चाललं होतं.

तुझ्यावर जीव टाकणारी
सफिया

सालमिया
६ एप्रिल, शुक्रवार

आपास सलाम, वि. वि.

काल गेलो. चाचांना म्हटलं, माफी आवाज चढवल्याची मागतो, मलिद्याची नाही. मलिदा गोड होता. तिथंच माझी मान मुरगळायची, पण आतून असमा आली. म्हणाली, "अब्बा, मलिदा मीच दिला. भुकेल्याला दिला म्हणून ख्वाजा खिज्र रागावले नसते, तुम्ही रागावलात. आणि जहऱ्याला मी जाणार नाही."

चाचांनी मला विचारलं, मग त्या दिवशी तिचं नाव का नाही सांगितलंस. मी म्हटलं, तिला ओरडा बसला असता. बरं, आता घरी जा, एवढं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं. मागणी घालायची राहूनच गेली, आपा.

आज सकाळी निरोप आला: नमाजेनंतर जेवायला ये, बोलणी करू. वर चाचांचा टोमणा, की समुद्र लागणारा जावई कोकणात कसा मिरवू.

अम्मीला सांग, आता खुशाल रड. दुवेत मला ठेव, आजपासून तिलाही. खाली टॅक्सी भोंगा वाजवतेय. पत्र खिशात टाकलं की दार ओढून घेतो. निघालो.

मजीद