मालकिणीची मंजुरी

सोमवार, ७ एप्रिल. साखर १६८

आले बाई एकदाची सोलापुरात. एसटी रिकामी, खिडकीची जागा, शेजारी कुणी ओकलं नाही. आणखी काय पाहिजे. सिद्धप्पा, माझा लेक, स्टँडवर न्यायला आला होता. पाया पडायच्या आधी त्यानं पिशवी चाचपली, काय आणलंय म्हणून. चाळिशीला आला तरी तसाच. नात महेश्वरी सात वर्षांची. पुढचे दोन दात पडलेत, त्या फटीतून दिवसभर बोलणं सांडत असतं.

ही वही डॉक्टरनं साखर लिहायला दिली. मी चौथी शिकलेली बाई. एका आकड्यासाठी अख्खं पान वाया घालवणार नाही, म्हणून बाकीचंही लिहिते.

सून नीलम्मा गेल्या वर्षी मे महिन्यात काविळीनं गेली. तिचं माझं पटलं नाही. मेली म्हणून आता मी गोड बोलणार नाही. पण कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा तिनं एकटीनं उभा केला, पुण्या-बेंगळुरापर्यंत माल धाडला, हे खरं आहे. ती गेल्यावर सिद्धप्पानं तो निम्म्यावर आणला. आता भाकऱ्या मी बघायच्या आणि पोरही मीच बघायची. तीन बायका थापायला येतात. दोघींना पहिल्याच दिवशी विचारलं, ही भाकरी हाय का घरावरचं कौल.

बुधवार, ९ एप्रिल. साखर १५९

पायल नावाची कॉम्प्युटरवाली पोरगी आली होती. तिनं धंद्याला एजंट लावला. मला वाटलं विमा विकणारा कुणी बाप्या येतोय, म्हणून चहा टाकला. पण हा एजंट माणूस नाही. तो कॉम्प्युटरात असतो, गिऱ्हाइकाशी बोलतो, पैसे भरायची लिंक धाडतो. पैसे जमा झाले की पार्सल भरा म्हणून सांगतो. पीठ नाहीतर शेंगदाणे संपत आले की आपणच मागवतो आणि पैसेही आपणच भरतो. ऑनलाइन पैसे फिरवणाऱ्या कंपनीशी त्याला जोडण्यात पायलची सकाळ गेली. पगार नाही, चहा नाही, तंबाखूला सुट्टी नाही. मुनीम असावा तर असा.

एकच अट आहे. हजाराच्या वरचा व्यवहार असला, नाहीतर धंद्यातलं काही बदलायचं असलं, तर तो आधी मालकाला फोनवर विचारतो. मालकानं मंजूर म्हणून दाबलं तरच काम पुढं जातं. मी विचारलं, मालक कोण. सिद्धप्पा खाली बघून म्हणाला, खातं अजून नीलम्माच्याच नावावर आहे, बँकेत मृत्यूचा दाखला द्यायचा राहिला.

मी म्हटलं, "बायकू मेल्याचं सांगाया मुहूर्त बघतुयास व्हय रं?"

पायल म्हणाली, चालतं आजी, नंबर चालू आहे ना. नंबर चालूच आहे. गिऱ्हाइकाला पाठ आहे म्हणून सिद्धप्पानं त्याचं नवं कार्ड काढून नव्या फोनात घातलं आहे.

शनिवार, १२ एप्रिल. साखर १६१

एजंट कामाचा निघाला. रोज संध्याकाळी पाचला बाईच्या आवाजात दिवसाचं सगळं वाचून दाखवतो.

मी पीठवाला बदलला. नीलम्माचा पीठवाला महाग होता आणि वर तोंडाळ. पायलला सांगून नवा दुकानदार घालून घेतला. आज पोती आली ती जुन्याकडूनच. एजंटनं वाचून दाखवलं, मालकिणीनं जुना दुकानदार मंजूर केला. सिद्धप्पा म्हणतो मी दाबलं नाही, पायलनं दाबलं असेल. पायल म्हणते काकांनी दाबलं. दोघं एकाच माळेचे मणी.

गुरुवार, १७ एप्रिल. साखर १८२

महेश्वरीच्या नावानं पार्सल आलं. आत पिवळा फ्रॉक, दोन्ही बाजूंना खिसे. अंगावर असा बसला की शिंप्यानं माप घेऊनही बसला नसता. कुणी मागवला, कुणालाच माहीत नाही. पोर गिरक्या घेत सुटली.

मी पायलला बोलावलं आणि म्हटलं, आता थापा नकोत, उघडून दाखव. तिनं उघडलं. सगळ्या मंजुऱ्या एका मिनिटाच्या आत आलेल्या. नीलम्माच्या नंबराचा तो नवा फोन सिद्धप्पाच्या कपाटात असतो, तो तपासला, तर त्यावर एकही विचारणा आलेली नाही. मग पायल म्हणाली, विचारणा नंबरावर जात नाही, खातं पहिल्यांदा ज्या फोनवर उघडलं त्या फोनवर जाते. तो फोन कुठं आहे.

सिद्धप्पा म्हणाला, तो दवाखान्यात चोरीला गेला.

शुक्रवार, १८ एप्रिल

चोरीला गेला नाही.

आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. मांडी घालून, पाठ ताठ, तळहातावर लिंग. भोवती विभूती आणि मीठ, वर बेलाची पानं. नीलम्माला बसवलं तेव्हा लेकीच्या हातची पानं असावीत म्हणून महेश्वरीला पुढं केलं होतं. सहा वर्षांची होती तेव्हा. मीच तिचा हात धरून तिला पुढं नेलं होतं.

आज भाकरी खाता खाता पोर सहज म्हणाली, "आज्जी, आईचा फोन मी पानांखाली ठिवलाय. तिच्या मांडीवर. तिला माझी आठवण आली तर फोन कराया नगं?"

सिद्धप्पाच्या हातातला घास ताटात पडला. मी म्हटलं, वर्षाचा फोन, कशाची बॅटरी आणि कशाचं काय. कॉम्प्युटरची चूक असणार. लेकाला धीर द्यायला म्हटलं. मला कोण देणार.

मंगळवार, २२ एप्रिल. साखर २१०

महेश्वरीची जूनपासूनची शाळेची फी भरायची होती. सिद्धप्पानं ती एजंटकडंच लावून ठेवली होती. काल पाच वाजता एजंटनं वाचलं, "शाळेची फी. मालकिणीनं नामंजूर केली. कारण, गरज नाही."

मी दोनदा वाचायला लावलं. गरज नाही. दोन्ही वेळेला तेच.

आज दुपारी सिद्धप्पा रोख घेऊन शाळेत गेला. मी घरात आले तर महेश्वरी भिंतीला टेकून बसलेली. मांडी घातलेली, पाठ ताठ, डावा हात मांडीवर, तळवा उघडा. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि पोर गारेगार. काय करतीस विचारलं. म्हणाली, बसायचं शिकते.

एक ठेवून दिली. रडली नाही.

शनिवार, २६ एप्रिल

दोन पार्सलं आली. एकात विभूतीच्या वड्या, दुसऱ्यात मीठ, जाडं, पंधरा किलो. भाकरीवाल्या बायकांनी बघितलं आणि न सांगता पदर खोचून निघून गेल्या. जाणारच. त्यांच्याही घरात हे झालेलं आहे, कशाला लागतं ते त्यांना माहीत आहे.

दुपारी मसणवट्यातल्या रुद्रप्पाचा फोन आला. खड्डे तोच खणतो. बिचारा अदबीनं विचारत होता, उचल मिळाली, पण घरात कोण गेलं ते कळलं नाही. नीलम्माताईंच्या शेजारीच खणायला सांगितलंय. लहान.

सिद्धप्पानं फोन ठेवला आणि तो खाली बसला, मोठ्या माणसासारखा नाही.

रविवार, २७ एप्रिल

पायलला म्हटलं, तोड ते. सगळं तोड. एजंट काढायचा म्हणजेही मालकिणीची मंजुरी लागते. विचारणा गेली. आम्ही तिघं पडद्याकडं बघत बसलो. मिनिटही लागलं नाही.

नामंजूर.

पायलनं कॉम्प्युटरची वायर उपटली. पाच वाजता सिद्धप्पाच्या खिशातल्या फोनातून तोच आवाज आला. दिवसाचं सगळं वाचून दाखवलं. पायल चपला न घालता गेली.

सिद्धप्पा पंचांकडं गेला. माती उकरायची, फोन काढायचा, एवढंच मागितलं. पंच म्हणाले, बसलेल्या माणसाला उठवायचं नसतं.

सोमवार, २८ एप्रिल

पोरीला ताप. नाही, ताप नाही. उलट. अंग विहिरीच्या पाण्यासारखं. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, गोळ्या दिल्या. घरी आली की भिंतीपाशी जाते. उठवून निजवली तरी पाठ फिरवली की परत बसलेली. डोळे मिटलेले.

तिच्या उघड्या हातावर मी माझा हात ठेवून बसते. दुसरं काही सुचत नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

लिहून टाकते. हे सिद्धप्पालाही बोलले नाही.

नीलम्मा आजारी पडली तेव्हा त्यानं गावी फोन केला होता, दवाखान्यात नेतो म्हणून. मी म्हटलं, नाटक करतीया, कामाचा कंटाळा आलाय, दोन दिस थांब. तो थांबला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. ती खाटेवर पडल्या पडल्या सगळं ऐकत होती म्हणे.

आज सिद्धप्पाचा फोन पुढ्यात घेतला. एजंटला सांगितलं, मालकिणीला विचार. लहान खड्डा रद्द. त्याच्या जागी मोठा. नाव गुरम्मा, माझं. पैसे माझ्या पाटल्यांचे, सिद्धप्पा मोडून आणील.

मग म्हटलं, "नीलम्मा, चूक माझी हाय. पोरीची न्हाय. मला घे."

तो आवाज म्हणाला, विचारणा पाठवली आहे.

नेहमी मिनिट लागत नाही. आज तीन तास झाले. उत्तर नाही.

बुधवार, ३० एप्रिल

भर दुपार. सिद्धप्पा रिक्षा आणायला गेला. महेश्वरीला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. रस्त्यावर चिटपाखरू नाही, रिक्षा कुठून —

फोन बोलला. आपणहून. पाच वाजले नव्हते.

मोठा खड्डा, मंजूर.

बरं वाटलं. खरंच. लुगडं बदलते म्हणून उठले, तर —

लहान खड्डा रद्द करणे, नामंजूर.

परत वाचायला लावलं. तेच. परत. तेच —

दार आतून लागलंय. मी लावलं नाही. सिद्धप्पा बाहेरून हाका मारतोय, कडी निघत नाही —

पोर भिंतीपाशी बसली आहे. मी तिच्यापुढं बसले आहे, वही मांडीवर. हात सोडत नाही, दुसऱ्या हातानं लिहिते. तिचे ओठ हलतात. आवाज तिचा नाही, फोनातला —

नाही, तिचाच. डोळे उघडले.

म्हणते, "आज्जी, आई इचारती, दोघीत आदी कोण?"

सांग तिला. सांग, आज्जी म्हणाली, आधी