सामानापाशी कोण बसणार

बीड, डिसेंबर, मंगळवार संध्याकाळ

घरच्या सगळ्यांच्या सहलीचं जहाज एका बेटावर एकच दिवस थांबणार आणि त्या दिवसाचा बेत मी आखायचा. दुपारी जाऊबाईंकडे जेवताना तोच विषय होता. माझी सई म्हणाली, मी समुद्रात उतरणार. तर जाऊबाई सगळ्यांसमोर, "तू कावून जातीस पाण्यात? आदीच काळी हायस, आणखी काळी होशील." त्यांची दोन्ही पोरं फिदीफिदी हसली. माझी पंधरा वर्षांची मुलगी नुसती भात चिवडत राहिली. घरी येताना म्हणाली, "आई, मी जहाजावरच थांबते."

आणखी काळी होशील. आणि मी भाजी वाढत होते.

म्हणून आत्ता घरच्या ग्रुपवर बेत टाकला. सकाळी गार वारा असतो, तेव्हा दीपगृह. दुपारी पाणी जरा कोमट होतं, तेव्हा सगळी पोरं समुद्रात, सोबत मी. आमच्याकडे प्रत्येक सहलीत पिशव्यांपाशी धाकटी सून बसते. लग्नापासून मीच बसलेय. या वेळी तिथं जाऊबाईंचं नाव लिहिलं. वाळूवर, भर उन्हात.

हा सूड आहे का? आहे. पोरांना दुपारचं पाणी बरं, हे खरंच. पण ते कारण मला नंतर सुचलं.

लगेच जाऊबाईंचा फोन. "मी कावून सामानापाशी?"

"विश्वासाचं माणूस लागतं ना, ताई."

आवाज इतका गोड निघाला की माझीच मला लाज वाटली. बेत मात्र बदलला नाही.

आतल्या खोलीतून सईनं विचारलं, "आई, तिथं पाणी लई खोल असतं का गं?"