फुटलेली एक बांगडी

लिंबायत, सुरत

वाल्मिकराव,

नवऱ्याचं नाव घेऊन लिहिते आहे, राग आला तर येऊ द्या. तुम्ही फोनवर येत नाही म्हणून हे पत्र.

साड्यांना खडे लावून डाव्या मनगटावर आलेली गाठ गुरुवारी काढणार आहेत. फक्त हात बधिर करतात, दुपारी घरी सोडतात. घाबरण्यासारखं काही नाही. सोबत घरचं माणूस लागतं, म्हणून शेजारची गायत्री येते आहे.

नर्सने हातातलं सगळं काढून यायला सांगितलंय. ते ऐकून आई फोनवर रडल्या. सवाष्णीचा हात मोकळा राहिला तर माझ्या लेकाचं काय होईल, म्हणाल्या. माझ्या हाताचं कोणी विचारलं नाही. मागे त्यांचं ऐकून मी तारीख सोडली, तेव्हा गाठ बोराएवढी होती. आता आवळ्याएवढी आहे.

त्यांचे गुडघे कसे आहेत? तेल लावून देता का?

आज साबण लावून बांगड्या काढल्या. काढताना एक फुटली. तुम्हाला काही झालं असेल तर कळवा. झालं नसेल तर टाके निघायच्या आत या आणि उरलेल्या तुमच्या हाताने भरा. नाही आलात तर मी भरणार नाही, आणि आईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

मोकळ्या हाताची,
सुंदरा