दोन उसळ्यांमधलं अंतर

१० मार्च १९९४, गुरुवार

लाईट गेली. पावणेचारला. आज बाजाराचा वार, आज जाणार नाही असं लॅबचा शिपाई सोपान छातीठोकपणे म्हणाला होता. म्हाताऱ्याच्या अंदाजाला आग लागो! कॉम्प्युटरची बॅटरी दहा मिनिटं तग धरते, तेवढ्यात सगळं दोन फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं. साडेसहाला लाईट आली, पुन्हा जिथून थांबलं तिथून सुरू. अशाने दोन आठवड्यांचं काम दोन महिने चालणार.

११ मार्च

पुन्हा गेली. सकाळी नऊला.

२१ मार्च

उसळी!! आज आलेखाची रेघ सरळ वर चढली. चुंबकी शक्ती घसरली आणि कणांची गती वाढली — थर फाटला! आणि ही पहिली नाही. आलेख मागे नेऊन पाहिला तर आधीच्याही तीन दिसल्या, मीच त्यांना खरखर समजून सोडून दिलं होतं. सहा वर्षं खपून अखेर काहीतरी हाती लागलं. प्रबंधाचं चौथं प्रकरण मिळालं!

स्टाफरूममध्ये सांगितलं. मराठीच्या बाई म्हणाल्या, "अय्या, छान," आणि भिशीचं बोलू लागल्या. त्यांचा दोष नाही. पण छबू, तुला अडतिसाव्या वर्षी आनंद झाल्यावर सांगायला माणूस नसावं, हे काही बरं नाही.

३ एप्रिल, रविवार

कळसला, गावी गेले. आबांना सांगितलं. जन्मभर मेंढरांमागे फिरले, आता शेती करतात, पण पोरगी काय करते ते समजून घ्यायची हौस त्यांना अजून आहे. म्हटलं, सूर्याकडून वारा येतो, त्याने पृथ्वीच्या चुंबकाची मागे लांब शेपटी ओढली जाते. शेपटीच्या वरच्या अर्ध्या भागात रेषा एकीकडे, खालच्या भागात उलट्या दिशेने. मधे एक पातळ थर, त्यातून वीज वाहते. तो कधी फाटतो, ते मी कॉम्प्युटरवर आकड्यांचे कण पळवून शोधते.

आबा म्हणाले, "दोन कळप चिंचोळ्या वाटंला समोरासमोर आलं, की असंच व्हतं. कडंनं जात्यात तवर जात्यात. मधी एक मेंढरू भ्यालं, की वळलं अन् दुसऱ्याच्या कळपात शिरलं. मग समदीच फिरत्यात. निम्मी त्याची तुज्याकडं, निम्मी तुजी त्याच्याकडं."

अगदी हेच! पुण्यात माझ्या गाईड सरांना समजावताना मला तीन पानं लागली होती.

निघताना आबांनी विचारलं, "ह्ये झाल्यावर मग काय करनार हाईस?" एसटी आली म्हणून चढले.

१२ मे

पत्र आलं! अहमदाबादहून. पुण्याच्या चर्चासत्रात माझं दहा मिनिटांचं भाषण झालं तेव्हा अर्धं सभागृह जेवायला गेलं होतं. उरलेल्यांत हे एक होते — डॉ. रघुनाथ खांबेटे. लिहितात: "आपल्या उसळ्या ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी लागोपाठ दोन, मग कितीतरी वेळ शांत. हे अंतर कशामुळे ठरतं?"

कुणीतरी विचारलं! खरोखर वाचून, विचार करून विचारलं. पत्र चारदा वाचलं. पाचव्यांदा वाचताना स्वतःचीच लाज वाटली.

३० मे

खांबेट्यांना सुरुवातीची सगळी मांडणी पाठवली, आकड्यांसकट. पाकीट जड झालं. अंतराबद्दल लिहिलं की शोधते आहे.

२३ जून

उत्तर नाही. टपालवाला मला पाहूनच मान हलवतो आता.

९ जुलै

आलं! दोन पानं पाठपोट. शेवटच्या परिच्छेदात थरातल्या कणांबद्दल, बाकी सगळं इकडचं तिकडचं. बायको जाऊन पाच वर्षं झाली. मेसमध्ये वरण गोड असतं. "तुमच्याकडे हुलगे मिळत असतील, माडगं करता का?" शेवटी — अंतराचं काही कळलं का?

त्याच संध्याकाळी हुलग्याचं माडगं केलं. एकटीने प्यायले. उत्तराला चार पानं झाली! एवढं मी कुणाला कधी लिहिलं होतं?

२८ जुलै

सोपान लॅबमध्ये झाडत होता. माझ्या पडद्याकडे बघून म्हणाला, "म्याडम, बोलू का? लाईट जाऊन आल्याबिगर तुमची ही रेघ उडी मारत न्हाय बगा."

मी खेकसले, "सोपानराव, हे आकाशातलं आहे. त्याचा आपल्या लाईटशी काय संबंध?"

"व्हय व्हय. आमाला काय कळतंय," म्हणाला, आणि झाडत राहिला. सव्वीस वर्षं नोकरी झालीय त्याची. उगाच बोलले.

२९ जुलै

ही वही काढली. लाईट कधी गेली ते मी दर वेळी इथेच चडफडत लिहून ठेवलंय. शेजारी आलेख ठेवला.

सतरा उसळ्या. सतराच्या सतरा मशीन पुन्हा सुरू केल्यावर. एकही सुटलेली नाही.

३१ जुलै

सापडलं. प्रोग्रामात कणांची जागा या क्षणाची धरायची आणि वेग अर्धं पाऊल मागचा. म्हणून अगदी सुरुवातीला सगळ्यांचा वेग अर्धं पाऊल मागे घ्यायचा. एकदाच! मी ती ओळ अशा जागी लिहिली की फ्लॉपीवरून पुन्हा सुरू केलं तरी ती चालते. दर वेळी सगळ्या कणांना एक हिसका. तोच थर फाडतो.

जिथे लाईट जात नाही तिथे ही चूक कुणाच्या बापाला झाली नसती. म्हणजे अंतर कशाने ठरतं? वीज मंडळाने!

हसले. मग पंखा बंद करून रडले, का बंद केला माहीत नाही.

६ ऑगस्ट

पुण्याला जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "ऑक्टोबरअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. उसळ्या काढल्या तर उरतं काय? परीक्षक काय चालवून बघणार आहेत?"

खरं आहे. कोण चालवून बघणार? आख्ख्या देशात माझं काम एक माणूस वाचतो.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. दुपारी खांबेट्यांचं पत्र वाचलं. परवाच आलंय. अंतराबद्दल पुन्हा विचारलंय.

प्रबंध गेला तर गेला, लेक्चररची नोकरी आहे. भीती त्याची नाही, हे आज स्पष्ट लिहून टाकते. उसळ्या खोट्या आहेत असं कळवलं, की या माणसाला मला लिहायचं काही कारण उरत नाही. पत्रं बंद. पुन्हा ती खोली आणि ती स्टाफरूम. हे मला सहन होणार नाही.

२ सप्टेंबर

उत्तर दिलं. पावसाबद्दल लिहिलं. अंतराचा उल्लेख टाळला. चोर!

११ सप्टेंबर, रविवार

कळस. आबांना म्हटलं, माझं चुकलं, आणि एका माणसाला फसवतेय. नीट ऐकून घेतलं त्यांनी. "कळपात दुसऱ्याचं मेंढरू आलेलं दिसलं, तर आपल्यात रीत काय हाय?"

"हाक मारून सांगायचं."

"मंग? त्यो लांब हाय म्हून काय झालं?"

१२ सप्टेंबर

खांबेट्यांना लिहिलं. दीड पान. चूक कोणती, कशी, किती उसळ्या. सोपानने आधी ओळखली हेही लिहिलं. पोस्टाच्या पेटीत हात अडकल्यासारखी उभी राहिले, मग सोडलं.

चौथं प्रकरण काढून टाकलं. सरांना कळवलं, नोंदणी जाऊ दे.

सोपानची माफी मागितली. "जाऊ द्या म्याडम," म्हणाला, "च्या घ्या."

२६ सप्टेंबर

सुरतेत प्लेग. गुजरातहून आलेलं पाकीटही हातात घ्यायला लोक घाबरतायत. म्हणजे उत्तर न येण्याला एक कारण मिळालं. प्लेगला धरून बसलेय, इथपर्यंत आले मी!

५ ऑक्टोबर

नाही.

१४ ऑक्टोबर, दसरा

दुरुस्त प्रोग्राम संपला. मधे अकरा वेळा लाईट गेली. रेघ अगदी सपाट. थर शांत आहे, काही फाटत नाही. स्टाफरूममध्ये एकमेकांना सोनं दिलं. माझ्याही हातात आपट्याची पानं आली, ती तशीच पर्समध्ये आहेत.

पत्र नाही. आता येणारही नाही.

१९ ऑक्टोबर

आलं. उतरवून ठेवते.

"तुमची मांडणी मी इथल्या मशीनवर जूनमध्येच चालवली. एकही उसळी आली नाही. चूक पुन्हा सुरू करण्यात असणार, हे दोन दिवसांत लक्षात आलं. सांगितलं असतं तर तुमचं पुढचं पत्र आलं नसतं. म्हणून विचारत राहिलो. क्षमा करा."

जून! चार महिने खाल्ले माझे, मेल्याने! आणि मला धड रागही येत नाही.